पेशंटला सांगू नये

माझ्या पोटातल्या आजाराचं नाव माझ्या मुलाला माहीत होतं, मुलीला माहीत होतं, जावयाला माहीत होतं, पापनाशमच्या विहीणबाईंना आणि माझ्या ऑफिसातल्या निदान चौघीजणींना माहीत होतं. मला माहीत नव्हतं. असे सात आठवडे गेले. त्या सात आठवड्यांत माझं ऑपरेशन झालं, टाके निघाले, भेटायला येणाऱ्यांना मी कॉफी दिली आणि हसून सांगत राहिले की गर्भपिशवी खराब झाली होती, काढून टाकली, आता काही नाही.

आज त्याला काही वर्षं झाली. मी बरी आहे. डॉक्टर तसं म्हणतात, आणि आता ते मलाच म्हणतात. आजार कसा बरा होतो हे सांगायला मी लिहीत नाही, कारण ते मला ठाऊक नाही. मी लिहिते आहे कारण माझा राग अजून गेलेला नाही. तो कुणाच्या तरी उपयोगी पडला तर बरं, म्हणून.

मी तंजावूरची. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आमचं तीन खोल्यांचं कौलारू घर आहे. आमच्यासारखी मराठी बोलणारी घरं त्या गल्लीत पूर्वी पुष्कळ होती, आता सहा-सात उरलीत. मिस्टरांची नोकरी अकरा वर्षं पुण्याला होती, त्यामुळे मला नागरी लिहिता येते आणि कागदावरची माझी मराठी तिकडची झाली. घरात आम्ही बोलतो ते तंजावुरी, तमिळात भिजलेलं. वाचणाऱ्याला समजावं म्हणून इथे ते थोडं सोपं केलं आहे. मी टेलिफोन खात्यात परगावचे कॉल जोडून देणारी ट्रंक ऑपरेटर होते. आजार झाला तेव्हा चोपन्न वर्षांची होते आणि नोकरीत होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढच्या गोष्टीत मला ज्या तऱ्हेने वागवलं गेलं त्यावरून वाचणाऱ्याला मी नव्वद वर्षांची, अंथरुणाला खिळलेली बाई वाटेन.

बाहेरचं बाकडं

पाळी जाऊन चार वर्षं झाली होती आणि एक दिवस पुन्हा डाग दिसला. आठवडाभर मी कुणाला सांगितलं नाही. मग मुलीला सांगितलं. वसुधा, आमची वसु, पापनाशमला दिलेली. तिथल्या शाळेत शिकवते, दोन मुलं आहेत. ती येऊन मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी आतला तुकडा काढून तपासायला पाठवला.

रिपोर्टच्या दिवशी मुलगा बंगलोरहून आला. श्रीनिवास, चिनू. तिथे कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. त्या वर्षांत तंजावूरच्या प्रत्येक घरातला एक मुलगा तरी अशा कंपनीत होता किंवा जायच्या तयारीत होता. कमरेला पेजर लावून आला. तो आलेला पाहून मला बरंच वाटलं. एवढ्याशा गोष्टीसाठी आईजवळ आला, म्हणून.

आम्ही तिघं आत गेलो. डॉक्टरीणबाईंनी पाकीट उघडलं, वाचलं आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "अम्मा, तुम्ही जरा बाहेर बसा."

मी उठले आणि बाहेर जाऊन बसले. कुणी मला ढकललं नव्हतं. तीस वर्षं सरकारी नोकरी केलेली, अधिकाऱ्यांशी भांडलेली बाई मी, "अम्मा, बाहेर बसा" म्हटल्यावर पर्स उचलून बाहेर आले. बाकड्यासमोर वजनाचा काटा होता. पडद्याच्या फटीतून चिनूची पाठ दिसत होती. त्याने एकदा कपाळाला हात लावला, एवढं मी पाहिलं.

बाहेर आला तेव्हा तो हसत होता.

"काही नाही, अम्मा. गर्भपिशवी खराब झालीय. काढायची. तुझ्या वयात अस्के काढतात."

अस्के म्हणजे आमच्यात सगळे. आणि ते खरंच होतं. ऑफिसात पाचजणींची काढलेली होती. माझ्या छातीवरचा दगड उतरला. समोरच्या हॉटेलात बसून मी दोन इडल्या खाल्ल्या, वर एक वडा घेतला. वसुने कॉफीला हात लावला नाही. मी तिला म्हटलं, "पी की, गार होते." त्या दिवसाचा विचार केला की मला सगळ्यांत जास्त राग येतो तो माझ्या त्या भुकेचा. मुलं समोर बसून बघत होती आणि मी वडा खात होते.

रजेचे कागद

ऑपरेशन तिरुचीच्या एका खाजगी इस्पितळात झालं. तिथला दिवस पहाटे पाचला फिनाईलच्या वासाने सुरू व्हायचा. फरशी पुसणारी बाई खाटा सरकवायची, त्यामागून थर्मामीटर, त्यामागून सिस्टर. सकाळी नऊला मोठे डॉक्टर यायचे आणि माझ्या खाटेपाशी उभं राहून चिनूशी इंग्रजीत बोलायचे. मला इंग्रजी येतं. माझा अर्धा जन्म इंग्रजीत नंबर विचारण्यात गेला. पण ते इतक्या हळू बोलायचे की ऐकू यायचं नाही, आणि मी मान उचलली की चिनू म्हणायचा, "तू पड."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याने माझ्यापुढे कागद धरले. "रजेचे आहेत. इथे, इथे आणि इथे सही." चष्मा वसुच्या पिशवीत होता. मी सह्या केल्या.

टाके सुकल्यावर महिन्याभराने नवीन गोष्ट निघाली. आता "करंट" द्यायचा. आमच्याकडे लोक रेडिएशनला करंटच म्हणतात. पाच आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज तिरुचीला जायचं.

"कशाला?" मी विचारलं.

"जखम आतून वाळायला," चिनू फोनवर म्हणाला.

मी मानलं. आज स्वतःलाच विचारते, तुला खरंच कळलं नाही? दारावरची पाटी वाचता येत होती. पोटावर जांभळ्या शाईने रेषा मारून "पुसू नका" सांगितलं तेव्हा काही वाटलं नाही? वाटलं असेल. मी ते पुढे येऊ दिलं नसेल. पण म्हणून खोटं बोलणाऱ्याचा गुन्हा कमी होत नाही.

पुष्पम

करंटच्या खोलीबाहेर लांब रांग असायची. चौथ्या दिवशी माझ्याशेजारी एक साठीची बाई बसली होती. पापनाशमच्या देवळापाशी फुलं विकणारी, नाव पुष्पम. हाताला काम नसलं तर तिला बसवत नसे, म्हणून पदराच्या टोकाला उगाच गाठी मारत होती, सोडत होती. वसु औषधांच्या खिडकीपाशी उभी होती.

पुष्पमने मला विचारलं, "अम्मा, तुम्हाला कुठं आहे?"

"काय कुठं?"

"पुट्रु. मला इथं आहे," तिने गळ्याला हात लावला. "तुम्हाला?"

तमिळमध्ये पुट्रु म्हणजे वारूळ. आणि पुट्रु म्हणजे कॅन्सर.

मी म्हटलं, "मला नाही. माझी जखम वाळायची आहे."

पुष्पमने माझ्याकडे पाहिलं, मग रांगेकडे पाहिलं. एका माणसाचा जबडा बांधलेला होता. एका तरुण मुलीच्या डोक्यावर केस नव्हते. "अम्मा," ती हळूच म्हणाली, "या रांगेत दुसऱ्या कशासाठी कुणाला बसवत नाहीत."

मी उठले नाही, रडले नाही. वसुची पिशवी माझ्याजवळच होती. फाईल ती नेहमी काखेत धरायची, त्या दिवशी चिठ्ठ्या सांभाळताना पिशवीत ठेवून गेली होती. मी चष्मा लावला आणि फाईल उघडली. पहिल्या पानावर कार्सिनोमा हा शब्द होता. दुसऱ्यावर संमतिपत्र. पेशंटच्या सहीच्या जागी चिनूची सही, खाली कंसात "मुलगा". आणि तिसऱ्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात कुणीतरी लाल पेनने इंग्रजीत लिहिलं होतं: पेशंटला निदानाची कल्पना नाही. नातेवाइकांची विनंती. पेशंटला सांगू नये.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. आत जाऊन मी त्या मशीनखाली झोपले. जाड दार बंद होतं आणि खोलीत तुम्ही एकट्याच राहता. हलायचं नसतं. मला आधी भीती वाटायला हवी होती, मरणाची. ती नंतर आली. त्या वेळी माझ्या डोक्यात फक्त तो लाल पेन होता.

बस

तंजावूरच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले.

"कधीपासून माहीत आहे?" मी वसुला विचारलं.

तिने फाईल पाहिली, माझ्या मांडीवर होती.

"पहिल्या दिवसापासून."

"मी वडा खात होते तेव्हा."

"हो."

"आणखी कोणाला?"

तिने एकेक नाव सांगितलं. विहीणबाईंच्या नावाला मी डोळे मिटले. महिन्यापूर्वी त्या येऊन माझ्या दोन्ही हातांना धरून बसल्या होत्या. मला वाटलं होतं, किती बदलल्या.

"चिनूने शपथ घातली होती, अम्मा. तो म्हणाला, तुला कळलं तर तू हाय खाशील."

"तू मला किती वर्षं ओळखतेस?"

वल्लमला चार-पाच माणसं उतरली, गाडी रिकामी झाली, तरी वसु माझ्याशेजारून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून चिनूच्या ऑफिसला फोन लावला. आमच्या घरी फोन होता. पण वसु समोर असताना मला बोलायचं नव्हतं.

"मला कॅन्सर झालाय, चिनू," मी म्हटलं. "तुला कळवावं म्हणून फोन केला. तुला माहीत नसेल."

तो म्हणाला, "कुणी सांगटलं?"

पाहा, पहिला प्रश्न तो. मी कशी आहे, हा नाही.

"फुलवालीने. तुम्हा सगळ्यांपेक्षा तिला माझी जास्त किंमत."

"अम्मा, तुला त्रास नको म्हणून. तू झोपली नसतीस, जेवली नसतीस—"

"माझं न जेवणं माझं होतं."

"मी शनिवारी येतो," तो म्हणाला. "तोवर भिवू नको."

भिऊ नको म्हणायला तो माझ्या पाळण्यापाशी उभा नव्हता. मी त्याच्या पाळण्यापाशी उभी होते. मी फोन ठेवला.

आणखी एक कागद

शनिवारपर्यंत वाट पाहायची होती. गुरुवारी संध्याकाळी ऑफिसातली कमला सांबारभाताचा डबा घेऊन आली. तीस वर्षांची मैत्रीण. मी तिला म्हटलं, आता लपवू नकोस, मला कळलंय. ती रडली, मी तिला पाणी दिलं. मग डोळे पुसत ती म्हणाली, "जाऊ दे, तू आता आराम कर. निरोपसमारंभ कधी ठेवू ते तेवढं सांग. तब्येत बघून ठरवू."

"कसला निरोप?"

माझा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर होता. तीन महिन्यांची नोटीस, खाली माझी सही. रजेच्या कागदांतला एक.

आजाराचं नाव लपवलं, ते प्रेमाने असेल. लोक म्हणतात, मुलांचा जीव होता म्हणून. बरं. पण नोकरी? ट्रंकचं बोर्ड बंद होत आलं होतं हे खरं. गल्लीगल्लीत एसटीडी झाल्यावर ट्रंक कॉल कोण लावतो. आम्हाला चौकशीच्या खिडकीवर बसवणार होते. पण ती खिडकी माझी होती. सकाळी नऊला घराबाहेर पडून कुणीतरी असायचं, ते माझं होतं.

शुक्रवारी करंट उरकून मी बसस्टँडवरून घरी न जाता थेट ऑफिसात गेले. वसु बरोबर होती, तिला मी बाहेरच्या बाकड्यावर बसवलं. साहेब तरुण होते, मला पाहून उठून उभे राहिले.

"मॅडम, तुमचे चिरंजीव म्हणाले की तुमची... तुम्हाला आता शक्य होणार नाही."

"चिरंजीवांना ऑपरेटरचं काम येतं का?"

ते ओशाळले. त्यांनी स्वतः कोरा कागद दिला. अर्ज मागे घेत आहे, असं मी त्यांच्यासमोर बसून लिहिलं, चष्मा लावून, आणि दोनदा वाचून सही केली. पोटात इतक्या कळा येत होत्या की अक्षर वाकडं आलं. तो कागद त्यांनी शिक्का मारून घेतला.

शनिवार

चिनू आला, पाया पडला, समोर बसला. डोळ्यांखाली काळं झालं होतं. मला ते दिसलं आणि तरी मी थांबले नाही.

तो म्हणाला, त्याने बंगलोरला मोठा फ्लॅट पाहिला आहे. मला वेगळी खोली, लागून बाथरूम. "इथे कोण बघेल तुला? वसुचा संसार आहे. तू तिथे आलीस की मी आहे."

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हणूनच विचारायचं असतं."

"अम्मा, तू आजारी आहेस."

"आजारी आहे. अल्पवयीन नाही. खोटं सांगून सही घेणाऱ्याला बाहेर काय म्हणतात ठाऊक आहे तुला?"

तेव्हा तो उठला. चिनू लहानपणापासून शांत. मी त्याला आवाज चढवताना पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही त्याने चढवला नाही.

"अप्पांच्या वेळी तू काय केलंस?"

वसु स्वयंपाकघराच्या दारात आली.

"त्यांचं लिव्हर गेलं होतं. डॉक्टर म्हणाले दोन महिने. तू आम्हा दोघांना या खोलीत बसवलंस आणि म्हणालीस, अप्पांना काविळीचं सांगायचं. मी बावीस वर्षांचा होतो. रोज त्यांच्याजवळ बसून मी सांगत होतो, अप्पा, पुढच्या महिन्यात तुम्ही चालाल. हे मी कुणाकडून शिकलो?"

मिस्टर गेले त्याला तेव्हा सात वर्षं झाली होती, आणि त्या सात वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं की मी चुकले. मी स्वतःला हिंमतीची समजत होते. सगळं एकटीने पोटात ठेवलं, त्यांना कळू दिलं नाही. लोकांनी कौतुक केलं होतं. त्यांच्या फाईलवर कुणी लाल पेनने लिहिलं असेल, तर ते माझ्या सांगण्यावरून.

मी काही तरी बोलणार तेवढ्यात वसु बोलली. हातात डाव होता.

"तुम्ही दोघं भांडा," ती म्हणाली. "चिनू बंगलोरहून ठरवतो, तू इथे रागावतेस. डबा मी भरते. चार आठवडे शाळेची बिनपगारी रजा टाकलीय, पोरं सासूबाईंच्या गळ्यात आहेत, त्या बोलतात ते मी ऐकते. मला कोणी विचारलं? तू विचारलंस, अम्मा? तू म्हणालीस, वसु येईल. मी आले."

खरं होतं. तीन-चार दिवस मी जगाला सांगत होते की मला कुणी विचारलं नाही, आणि रोज माझ्या शेजारी बसमध्ये जी बसत होती तिला मीही विचारलं नव्हतं.

त्या दिवशी कुणी कुणाची माफी मागितली नाही. जेवलो. चिनूने ताटं उचलली.

सेंगिपट्टी

सोमवारपासून मी वसुला पापनाशमला पाठवलं. ती नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. पुष्पम पापनाशमहून पहिल्या गाडीने तंजावूरला यायची, मला बसस्टँडवर भेटायची, तिथून आम्ही दोघी तिरुचीला.

करंटचं एक कोणी आधी सांगत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून पोट बिघडतं. गोळ्या असतात, पण त्या दर वेळी लागू पडत नाहीत. एका दुपारी परतताना सेंगिपट्टीच्या अलीकडे मला कळलं की आता थांबणार नाही. मी कंडक्टरला सांगायला उठले आणि उठतानाच साडी खराब झाली. भरलेली बस. मागच्या बाईने नाकाला पदर लावला.

पुष्पमने गळ्याच्या आजाराने बसलेल्या आवाजात कंडक्टरला असं काही फर्मावलं की गाडी जागच्या जागी उभी राहिली. ती माझ्याबरोबर उतरली. रस्त्याकडेच्या एका घरात जाऊन तिने बादलीभर पाणी मागितलं, न्हाणी मागितली. त्या घरातल्या बाईने मला आपली जुनी साडी दिली आणि परत आणू नका म्हणाली. मी न्हाणीत उभी राहून रडले. आजार कळल्यावर पहिल्यांदा.

बाहेर आले तर पुष्पम पायरीवर बसली होती.

"तुझ्याबरोबर कुणी का येत नाही?" मी तिला विचारलं. इतके दिवस विचारलं नव्हतं.

"दोन मुलगे आहेत. मी स्वतःच सांगितलं त्यांना, पुट्रु झालाय म्हणून. मोठा म्हणाला, या वयात कशाला खर्च." ती थोडी थांबली. "तुमची पोरं खोटं बोलतात, अम्मा. माझ्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही."

मला वाटलं, ती मला लाजवते आहे, आपल्या नशिबाचं मोल कळावं म्हणून. पण तसं नव्हतं. ती नुसतं सांगत होती. आणि मला तिच्या मुलांचा राग आला, माझ्या मुलांचाही गेला नाही. दोन्ही ठिकाणी बाईला हिशोबात धरलं नव्हतं, एवढंच. एका घरात तिच्या जिवाला, दुसऱ्या घरात तिच्या अकलेला.

पुष्पमचा करंट माझ्याआधी संपला. नंतर दीड वर्षाने ती गेली. मला वसुने फोन करून सांगितलं, ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी, काही न लपवता.

डॉक्टरांची खोली

करंट संपल्यावर तीन महिन्यांनी तपासणी होती. चिनू आला. मधल्या दिवसांत तो दर रविवारी फोन करायचा आणि आम्ही हवेबद्दल बोलायचो. फ्लॅटचा विषय त्याने काढला नाही. मी चौकशीच्या खिडकीवर रुजू झाले होते, अर्धा दिवस.

मोठ्या डॉक्टरांनी फाईल उघडली, लाल ओळ वाचली असावी, आणि खुर्ची चिनूकडे वळवली. इंग्रजीत, हळू आवाजात विचारलं, "आईला कितपत सांगितलंय?"

चिनू म्हणाला, "सर, पेशंट त्या आहेत. त्यांच्याशी बोला."

आणि तो उठून दाराकडे निघाला. मी म्हटलं, "चिनू, बस. ऐक. बोलू नको फक्त." तो बसला.

डॉक्टर अवघडले. बायकांना त्यांचा स्वतःचा आजार समजावून सांगायची त्यांना सवय नव्हती, दिसत होतं. पण सांगितलं. सध्या काही दिसत नाही. परत येऊ शकतो. पहिली दोन वर्षं जास्त जपायचं. परत आला तर फार काही करता येणार नाही. मी दोन प्रश्न विचारले, त्यांनी उत्तरं दिली. मग मी माझ्या पेनने ती लाल ओळ खोडली आणि बाजूला सही केली.

बाहेर येऊन आम्ही जिन्याखालच्या बाकावर बसलो. खरं ऐकायचा हट्ट मीच धरला होता, आणि ऐकल्यावर ते मला झेपत नव्हतं. हे मी कबूल करते, कारण सांगा सांगा म्हणणाऱ्यांनी हेही सांगायला हवं.

चिनू खाली पाहत होता. तो म्हणाला, "अप्पा एकदा मला म्हणाले होते, शेवटच्या आठवड्यात. चिनू, खरं सांग, मी बरा होणार ना? मी हो म्हटलं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मग माझ्याशी बोललेच नाहीत ते. त्यांना कळलं होतं, अम्मा. त्यांना फक्त कुणीतरी बरोबर हवं होतं."

हे त्याने सात वर्षं जवळ ठेवलं होतं. मी त्याच्या हातावर हात ठेवला. माफ कर म्हणायला तोंड उघडलं, पण ते मला त्याच्याकडे मागायचं नव्हतं. ज्यांच्याकडे मागायचं होतं ते गेले होते.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुला भीती वाटते का?"

डागाच्या पहिल्या दिवसापासून तेव्हापर्यंत डॉक्टरांनी, सिस्टरांनी, विहीणबाईंनी, ऑफिसने, मुलांनी, कुणीही मला हा प्रश्न विचारला नव्हता. भिऊ नको, एवढंच सगळे म्हणाले होते.

"हो," मी म्हटलं. "फार."

"मलाही," तो म्हणाला.

जिन्यावरून माणसं चढत उतरत होती. आम्ही तिथेच बसून राहिलो, आणि मी त्याला एकेक सांगायला लागले की मला नेमकी कशाकशाची भीती वाटते.